नंतर टाकलेला टॉवेल

रविवार, १२ जानेवारी

मानवजातीचे दोन वर्ग आहेत. एक पेन मागणारा आणि दुसरा पेन घेऊन जाणारा. पहिला वर्ग साधारण पाच मिनिटांत दुसऱ्यात विलीन होतो. आज सकाळी साडेआठला माजिवड्याच्या शाळेच्या सभागृहात मी चार निळी पेनं घेऊन नोंदणीच्या टेबलाशी बसलो. दुपारी तीनला माझ्याकडे एक टोपण उरलं होतं. पहिलं पेन पंचांनी नेलं. दुसरं कुणा पालकाने. तिसरं आमचे अध्यक्ष मारुतीशेठ यांनी भाषणाचे मुद्दे काढायला नेलं. मुद्दे निघाले नाहीत आणि पेनही आलं नाही. चौथं कोणी नेलं हे टिपून ठेवायला माझ्याकडे पेन नव्हतं. खाडीकाठ मुष्टियुद्ध मंडळाचा मी सतरा वर्षं मानद नोंदणी-चिटणीस आहे. या काळात किती नाकं फुटली ते मी पानासकट सांगू शकतो, पण पेनांच्या बाबतीत हा समाज मला पूर्णपणे अनाकलनीय राहिला आहे.

मुष्टियुद्धाशी माझा स्वतःचा संबंध एवढाच की कॉलेजात एकदा ग्लोव्हज घातले आणि चाळीस सेकंदांत मला कळलं की आपला पिंड वाङ्मयीन आहे. तेव्हापासून मी टेबलाच्या सुरक्षित बाजूला असतो. माझं काम पुस्तिका भरायचं. प्रत्येक बॉक्सरची एक पासबुकाएवढी पुस्तिका असते. फोटो, जन्मतारीख, रक्तगट, मग एकेक लढत, तिचा निकाल आणि डॉक्टरची सही. डोक्याला मार बसून पंचांनी लढत थांबवली तर ते लाल शाईने लिहायचं आणि पुढे 'तीस दिवस रिंगबंदी' असं टाकायचं. हा नियम छापलेला आहे. स्पर्धेआधी सगळे हात पुढे करून 'आम्ही नियम पाळू, प्रतिस्पर्ध्याचा मान राखू' अशी शपथ घेतात, ती तर माझीच रचना. तिच्यातली क्रियापदं फार चांगली जमली आहेत.

आमच्या मंडळात एक सौजन्यही आहे, ते छापलेलं नाही. आपला बॉक्सर फार मार खाणार असं दिसलं तर प्रशिक्षक रिंगमध्ये टॉवेल टाकतो आणि लढत सोडतो. अशा पराभवाला विश्रांती सक्तीची नाही, कारण मार बसायच्या आत माणूस बाहेर आला असं धरतात. म्हणून पंचांनी लढत थांबवली की प्रशिक्षक माझ्या टेबलाशी येतो, वाकतो आणि हळूच म्हणतो, "टॉवेल लिहा ना, सर." मग टॉवेल पडतो. खरं कापड त्याच्या गळ्यातच असतं, पडतो तो कागदावर, आणि अर्ध्या तासाने, कधी चहा पिऊन झाल्यावर. मी मनाशी त्याला 'नंतर टाकलेला टॉवेल' म्हणतो. कोणाला यात गैर वाटत नाही. डॉक्टर रत्नदीपना चारला दवाखाना उघडायचा असतो, म्हणून ते तीनलाच कोऱ्या रकान्यांवर सह्या करून जातात. शंका येऊ नये म्हणून प्रत्येक सही वेगळ्या कोनात करतात.

आज चोपन्न किलोच्या अंतिम लढतीत शहाडची कल्पिता हरली. बारावीला आहे. महिपतची शिष्या. महिपत हा एका बंद पडलेल्या कारखान्यातला फिटर. शहाडला नदीच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये फुकट शिकवतो, आणि ही मुलगी म्हणजे त्याच्या आयुष्यातली एकुलती एक चांगली बातमी आहे. दुसऱ्या फेरीत उजव्या हाताचा सरळ ठोसा तिच्या कानशिलाच्या वर बसला आणि ती दोरावर रेलली, रिक्षाची वाट बघत भिंतीला टेकावं तशी. पंचांनी आठपर्यंत मोजलं, तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि लढत थांबवली. योग्य केलं. महिपतचा टॉवेल त्याच्या गळ्यात होता.

अर्ध्या तासाने तो वाकला. प्रत्येक वजनातल्या पहिल्या दोघी राज्याच्या निवड चाचणीला जातात, चाचणी पंचवीसला डोंबिवलीत. राज्याचं पदक मिळालं तर पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेवर हक्क. कल्पिताला वडील नाहीत, आई शहाड स्टेशनजवळच्या पोळीभाजी केंद्रात भाकऱ्या थापते. हे सगळं मला माहीत होतं, तरी त्याने सांगितलं. मग म्हणाला, "टिपणीस, लाल मारलंत तर पोरीचं वरीस गेलं. पुढल्या साली तिचा वयाचा गट बदलतोय. मोठ्या बायांपुढं हिला कोण इचारतंय?"

मी म्हटलं, लिहायला माझ्याकडे पेनच नाही. हा विनोद होता, पण कल्पिताने दप्तरातून पेन काढलं. जाडजूड, चार रंगांचं, खटके दाबले की रंग बदलणारं. मघापासून ती अंगठ्याने तेच खटखटवत बसली होती. निळा, काळा, हिरवा, लाल, पुन्हा निळा. देताना म्हणाली, "सर, आज शनिवार ना?"

"रविवार. हरलं म्हणून दिवस परत मिळत नाही."

ती हसली. थोड्या वेळाने पुन्हा तेच विचारलं, तेव्हा मला नवीन काही सुचलं नाही.

निळा खटका दाबून लिहिलं: प्रशिक्षकाने लढत सोडली (टॉवेल). अक्षर छान आलं.

घरी आल्यावर शर्टाच्या खिशात पेन सापडलं. म्हणजे मीही दुसऱ्याच वर्गातला. हे त्याच पेनाने लिहितो आहे. सुरेख चालतं.


बुधवार, १५ जानेवारी

कल्पिता नौपाड्याला घरी आली होती. निवड चाचणीच्या अर्जावर माझी सही आणि शिक्का हवा होता, सोबत आईने केलेले तिळाचे लाडू. दहा मिनिटं बसली. बाल्कनीकडे पाठ करून बसली आणि सोनलला म्हणाली, काकू, पडदा ओढू का. चहाचा कप बशीच्या शेजारी ठेवला; बशी होती, पण कप तिच्या बाजूला, टेबलावर. तिळगूळ घ्या गोड बोला हे ती दोनदा म्हणाली, म्हणून मी दोन लाडू घेतले.

ती गेल्यावर सोनल कप उचलत म्हणाली, "त्या मुलीला उजेड सहन होत नाहीये."

"बारावीच्या मुलांना कसलाच उजेड सहन होत नाही."

"चेष्टा पुरे. विचारलंस का तिला?"

"विचारलं. झोप कमी होतेय म्हणाली."

खरं तर विचारलं नव्हतं. पण उत्तर तेच आलं असतं.

पेन द्यायचं राहिलं. डोंबिवलीला देऊ.

आजच्या पेपरात माझं सदर आलं, विषय टॉवेल. 'एका अनाम मंडळात टॉवेल हा घाम पुसायचा नसून पाप पुसायचा असतो' हे वाक्य संपादकांनी चौकटीत घेतलंय. सकाळपासून सात जणांचे फोन. मारुतीशेठनीही केला. म्हणाले, सर, काय धुतलाय तुम्ही त्या लोकांना. कोणत्या लोकांना, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नाव घेऊन टीका करणं माझ्या सभ्यतेत बसत नाही. सोनलने कात्रण फ्रिजवर लावलं.


सोमवार, २० जानेवारी

पाच दिवस तो कप डोक्यातून जात नाही. एक साधा कप. बशीच्या शेजारी.

दुपारी ऑफिसातून डॉक्टर रत्नदीपना फोन केला. सदरासाठी माहिती हवीय म्हटलं. समजा एखाद्याला डोक्याला मार बसला आणि तो आज वार कोणता असं विचारू लागला, तर?

"वार विसरला? त्याला लगेच स्कॅनला पाठवायचं, सर. आणि महिनाभर रिंगचं तोंड बघायचं नाही. पहिल्या ठोशाला एवढं भ्यायचं नसतं, दुसऱ्याला भ्यायचं. तो बारीकसा असला तरी." मग म्हणाले, "कोण आहे?"

"पात्र आहे. काल्पनिक."

"मग ठीक."

हे बोलणारा माणूस आणि तीन वाजता कोऱ्या रकान्यावर सही ठोकणारा माणूस एकच, हे लक्षात घेता आपल्याकडे ज्ञानाची कमतरता आहे असं कोणी म्हणू नये.

मग महिपतला केला. तो म्हणाला, काळजी करू नका, सामने लावतच नाय तिला, नुसती पळवतो. दोनदा ओकली, पण वजन उतरवतेय ना, उपाशीपोटी पित्त होतंच. मलाही ते पटलं. पित्त हा फार सोयीचा आजार आहे. कोणालाही होतो आणि कोणाचाच दोष नसतो.

रात्री कल्पिताला मेसेज लिहिला की चाचणीला जाऊ नकोस, आधी डोकं तपासून घे, पुस्तिकेतली नोंद मी दुरुस्त करतो. वाचून पाहिला. 'दुरुस्त करतो' या दोन शब्दांत बरंच काही येत होतं. माझं पद येत होतं, महिपत येत होता, सतरा वर्षांतले बाकीचे टॉवेलही आले असते. पुसला. 'शुभेच्छा' असं पाठवलं. तिने लगेच अंगठा पाठवला.


शनिवार, २५ जानेवारी

आज लिहिणार नाही.


सोमवार, २७ जानेवारी

क्रमाने लिहितो. क्रम हेच एक मला येतं.

शनिवारी सकाळी सातला डोंबिवलीत वजनं झाली. दुसऱ्या जिल्ह्याचा एक अधिकारी पुस्तिका तपासत होता. कल्पिताची पुस्तिका उघडून त्याने बोट फिरवलं, टॉवेलपाशी थांबला, पुढे गेला. माझ्याकडे बघून म्हणाला, नोंदी नीटनेटक्या आहेत तुमच्या. मी धन्यवाद म्हटलं.

पेन खिशात होतं. द्यायचं पुन्हा राहिलं, कारण ती हाताला पट्ट्या गुंडाळून बसली होती.

पहिली फेरी तिने जिंकली. नुसती जिंकली नाही, ती फेरी इतकी सुंदर होती की मी टेबलावरून अर्धवट उठलो. डावा हात पुढे, पाय हलके, समोरची मुलगी जिथे मारायची तिथे ही नसायची. मला वाटलं, बघा. मला वाटलं, लाल लिहिलं असतं तर हे झालंच नसतं. हे मला वाटलं होतं, ते लिहून ठेवलं पाहिजे.

दुसऱ्या फेरीत एक ठोसा लागला. तो ठोसाही नव्हता. सतरा वर्षांत असे हजार पाहिले असतील आणि एकाचीही दखल घेतली नसेल. कल्पिता दोन पावलं मागे सरली, बुटाची नाडी बांधायला बसावं तशी बसली, आणि मग कुशीवर झाली. महिपतने टॉवेल टाकला. या वेळी खरोखर टाकला. तो तिच्या पायांवर पडला. तोवर ती खालीच होती.

समोरची मुलगी कोपऱ्यात उभी राहून रडत होती. हातात ग्लोव्हज असल्यामुळे तिला डोळे पुसता येत नव्हते. कोणीतरी ते सोडायला हवे होते. कोणी सोडले नाहीत. मी जवळच होतो.

रात्री नऊला डोकं उघडलं. दोनला सर्जन बाहेर आले आणि म्हणाले, ताजा रक्तस्राव आहे, पण खाली जुनाही आहे, दोनेक आठवड्यांचा. तो मार कधीचा? महिपतने माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरची 'कृपया शांतता राखा' ही पाटी वाचली. तीन भाषांत होती. तिन्ही वाचल्या.

घरी आलो तर फ्रिजवरचं कात्रण नव्हतं. सोनल त्याबद्दल काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.


बुधवार, २९ जानेवारी

कल्पिता शुद्धीवर नाही. नळ्या आहेत. टाळू अर्धी भादरली आहे.

तिची आई लक्ष्मीताई कॉरिडॉरमध्ये बाकावर असतात. पोळीभाजी केंद्रातल्या बायका आळीपाळीने डबा आणतात, तो त्या कोणा ना कोणाला देऊन टाकतात. मला बघून उठल्या. पदर सावरला. मी मुलीचा अधिकारी ना. इंग्रजी फॉर्म माझ्याकडून वाचून घेतले. कुठे सही करायची ते मी बोटाने दाखवलं आणि त्यांनी अक्षरं जोडत जोडत नाव लिहिलं, मी धरलेल्या बोटाच्या अगदी शेजारी. मी एकेक कलम सोपं करून सांगत होतो. सोपं करून सांगणं माझं चांगलं आहे.

मग म्हणाल्या, "सर, आमच्या घरी कोनी शिकलेला नाय. ती त्या दिवशी माजिवड्याहून आली तवा म्हनत व्हती, आई, डोका दुखतंय. मी म्हनलं, नको जाऊ मग. तं तिनं पुस्तक दाखवलं. हे बघ म्हनाली, सरांनी लिवलंय, डॉक्टरची सही हाय, कायपन झालं नाय मला." मग माझ्याकडे वळल्या. "तुमीच लिवलंत ना? म्हनून तं मी पाठवली."

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. मी आयुष्यभर टोमण्यांवर जगलो आहे, तो असता तर मला ओळखू आला असता. त्या फक्त खात्री करून घेत होत्या की आपण आई म्हणून नीट वागलो की नाही.

मी म्हटलं, हो, मीच लिहिलं. त्यांनी मान हलवली. समाधान झालं त्यांचं.


शनिवार, १ फेब्रुवारी

मारुतीशेठच्या ऑफिसात मंडळाची बैठक. खाली त्यांचं सिमेंटचं दुकान, वर ऑफिस. त्यांच्या आजोबांची मिठागरं होती तिथे आता त्यांचे टॉवर आहेत, आणि माणूस मनाने वाईट नाही. हॉस्पिटलात दोनदा येऊन गेला, लक्ष्मीताईंच्या पाया पडला. चौकशी समिती नेमली, तिघांची. अहवाल लिहायचं काम अर्थातच माझ्याकडे.

"सर, तुमच्या हातात लेखनी हाय," मारुतीशेठ म्हणाले. "असा लिवा का कोनाला लागनार नाय."

एकाने सुचवलं, पुस्तिका गहाळ झाली म्हणावं. ते मी ठामपणे नाकारलं. नोंदी गहाळ होणं मला चालत नाही. मग चर्चेतून असं निघालं की पुस्तिका उत्तम स्थितीत आहे, नोंद स्पष्ट आहे, सही आहे, म्हणजे मंडळाकडून काही कसूर नाही. मग कसूर कोणाकडून? डोकं दुखत होतं हे तिने कोणाला कळवलं नाही. उलटी झाली तेही नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. पंधरा मिनिटांत मसुदा झाला. 'खेळाडूने आपल्या प्रकृतीची माहिती संबंधितांपासून दडवली, असे खेदाने नमूद करावे लागते.'

'खेदाने' हा शब्द माझा. सगळ्यांना आवडला. नऊ तारखेला सह्या.

महिपत आला नव्हता.


गुरुवार, ६ फेब्रुवारी

कल्पिताने डोळे उघडले. माणसं ओळखते. उजवा हात आणि पाय हलत नाही. बोलायला जाते तर शब्दाऐवजी दुसरंच काही बाहेर येतं. काल आईला 'खिडकी' म्हणाली, मग स्वतःच रडली. चुकलं हे तिला कळतं. बोलणं थोडं परत येईल, हात किती येईल सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणतात. बारावीचा पहिला पेपर येत्या मंगळवारी आहे.

महिपत जिन्याच्या पायरीवर बसलेला असतो, तिची किटबॅग मांडीवर घेऊन. शेडला कुलूप घातलंय. त्याच्या शेजारी बसलो. 

तो म्हणाला, "माजिवड्याला टॉवेल माझ्या गळ्यात होता. पंचाआधी मला दिसलेलं, तिचे डोळे गेलेत ते. हात का उचलला नाय म्हाईत आहे? वाटलं, एक मारंल ती. एक चांगला मारंल आन सगळं फिरंल."

मी त्याला सांगितलं की अहवालात त्याचं नाव कुठेही येणार नाही. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याच्याशी परक्या भाषेत बोललो होतो.

"मग कोनाचं येतंय?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. तो उठला, बॅग खांद्याला लावली आणि दोन पायऱ्या खाली जाऊन बसला. माझ्यापासून दोन पायऱ्या.

आत गेलो. लक्ष्मीताई म्हणाल्या, सर, हे बघा, ही सकाळपासून असं करते. चादरीवर कल्पिताचा डावा हात मूठ करून होता आणि अंगठा हवेत काहीतरी दाबत होता. वर, खाली. वर, खाली. थांबायचा, परत सुरू. नर्स म्हणाली झटके असतील, डॉक्टर म्हणाले झटके नाहीत. "काय मागते ते समजत नाय," लक्ष्मीताई म्हणाल्या. "पानी दिला, मोबाइल दिला. फेकून देते."

मला समजलं. ते माझ्या खिशात होतं. तिथून दीड फुटावर.

दिलं नाही. का दिलं नाही, ते या वहीत तरी लिहिता यायला हवं. चादरीला शाई लागेल असं काहीतरी मनात आलं. नंतर वाटलं, एवढ्या गंभीर प्रसंगी पेन काढणं बरं दिसणार नाही. घरी येईपर्यंत आणखी तीन कारणं तयार होती आणि तिन्हींची भाषा चांगली होती.


रविवार, ९ फेब्रुवारी

पहाटे उठून, अहवालासाठी माझ्याकडे दिलेली तिची पुस्तिका काढली. लाल खटका दाबला. शाई उमटेना, रद्दीवर घासली तेव्हा आली. बारा जानेवारीच्या नोंदीवर सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं:

डोक्याला मार बसल्याने पंचांनी लढत थांबवली. टॉवेल पडला नव्हता. खेळाडूने मला दोनदा वार विचारला. डॉक्टरची सही आधीच घेतलेली होती. खोटी नोंद माझी. वि. टिपणीस.

जागा कमी होती, म्हणून शेवटची ओळ समासात गेली. अक्षर वाईट आलं आहे.

सोनलला दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं, दोनदा, आणि म्हणाली, "तिच्या आईला वाचून दाखव. देऊन येऊ नकोस नुसतं. त्यांना वाचता येत नाही." मग आत जाऊन माझा शर्ट इस्त्री करू लागली. तो इस्त्री केलेलाच होता.

अकराला मारुतीशेठकडे. मसुद्यावर सही करणार नाही म्हणालो, पुस्तिका पुढे ठेवली. त्यांनी वाचली आणि बराच वेळ पंख्याकडे बघत राहिले. रागावले नाहीत. म्हणाले, सर, हे एका पानाचं हाय का? बाकीच्या पुस्तकांचं काय करताव? मी म्हटलं, जेवढी आठवतात तेवढी लाल करायची. किती आठवतात? मी सांगितलं, एकतीस. त्यावर समितीतला एकजण म्हणाला की माणूस धक्क्यात आहे, विश्रांती द्यावी. मला विश्रांती देण्यात आली. बिनमुदत. ज्या मंडळाला आजवर कोणाला तीस दिवस देता आले नाहीत, त्याने मला हे एका मिनिटात दिलं. पुस्तिका त्यांनी ठेवून घेतली. तिच्या प्रती मी आधीच काढून आणल्या होत्या.

पुढच्या रविवारच्या स्पर्धेसाठी जागच्या जागी नवा चिटणीस नेमला. गृहस्थ सज्जन आहे. अक्षर बरं आहे. जिना उतरताना मागे वळून पाहिलं तर एक प्रशिक्षक त्याच्या खुर्चीशी वाकला होता.

हॉस्पिटलात प्रत वाचून दाखवली. सावकाश, सोपं न करता. लक्ष्मीताई उभ्या होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "म्हंजे त्याच दिवशी समजलेलं तुम्हाला."

"हो."

"घरी आलेली तुमच्या. लाडू घेऊन."

"हो."

त्यांनी प्रत माझ्या हातातून घेतली, घडी घातली, आणखी एक घातली, आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. वाटलं आता काही बोलतील. मी तयार होतो. मला ते हवंही होतं. त्या वळल्या आणि कल्पिताची उशी सरळ करू लागल्या, ती सरळच होती तरी. मी खोलीत आहे, याची त्यांनी नंतर दखल घेतली नाही.

कल्पिता जागी होती. डावा अंगठा चालूच होता. खिशातून पेन काढलं, रुमालाने पुसलं आणि तिच्या मुठीत सरकवलं. आधी तिला धरता आलं नाही, घसरलं. पुन्हा दिलं. अंगठा शोधत राहिला, मग खटका लागला.

आवाजाने लक्ष्मीताईंनी वळून पाहिलं. "हे तं तिचंच," त्या म्हणाल्या. "घरभर शोधलं आमी."

"माझ्याकडे राहिलं होतं," मी म्हटलं, आणि निघालो.